अकराव्या मिनिटाचे कपडे

५ जून १९८८. जिरो दि'इतालिया या तीन आठवडे चालणाऱ्या सायकल शर्यतीतल्या स्वारांना त्या दिवशी इटलीच्या आल्प्समधली गाविया खिंड ओलांडायची होती. खिंडीची उंची २,६०० मीटरहून जास्त, रस्त्याचा काही भाग कच्चा, आणि जून असूनही वर बर्फ पडत होता. माथ्यावर सगळ्यांत आधी पोहोचला योहान फान देर व्हेल्डे हा डच सायकलपटू. अंगात अर्ध्या बाह्यांची जर्सी. चढ संपेपर्यंत तेवढी पुरली. पलीकडचा उतार लागला आणि काही किलोमीटरांतच तो असा गारठला की सायकल थांबवून त्याला आसरा शोधावा लागला. बोर्मिओ गावातल्या शेवटच्या रेषेपर्यंत तो आला तेव्हा विजेत्याच्या पाऊण तासाहून अधिक मागे पडला होता.

अमेरिकेचा अँडी हॅम्पस्टनही त्याच बर्फातून, त्याच रस्त्याने गेला. वर हवा कशी आहे याची खबर त्याच्या संघाने आधीच काढली होती. दुकानांतून स्कीइंगचे हातमोजे आणि गरम कपडे गोळा केले होते. ते कपडे आणि गरम चहा घेऊन वाटेत माणसं उभी केली होती. हॅम्पस्टन त्या दिवशी दुसरा आला, एकूण आघाडीची गुलाबी जर्सी त्याच्या अंगावर चढली, आणि आठवड्याभराने त्याने ती शर्यत जिंकली. जिरो जिंकणारा तो पहिला अमेरिकी. ताकद पाहायची तर माथ्यावर फान देर व्हेल्डेच पुढे होता. फरक पडला तो पुढच्या अर्ध्या तासाचे कपडे कोणाजवळ होते यामुळे.

थंडीतल्या सायकलिंगबद्दल मला जे सांगायचं आहे त्याचा गाभा या प्रसंगात आहे. सायकलवर थंडी एकसारखी राहत नाही. दाराबाहेर पडताना एक असते, दहा मिनिटांनी दुसरी, घाट उतरताना तिसरी आणि चहाला थांबल्यावर चौथी. म्हणून कपडे निवडायचे ते अकराव्या मिनिटाचा विचार करून, आणि मनाची तयारी करायची ती पहिल्या दहा मिनिटांची. आपल्यापैकी बरेच जण नेमकं उलट करतात. दारात उभं राहून जेवढी थंडी वाजते तेवढ्या हिशेबाने कपडे चढवतात, आणि 'या गारठ्यात दोन तास कसे काढायचे' या विचाराने मन आधीच खचवून घेतात. मग एक तर पांघरुणातून बाहेरच पडत नाहीत, नाहीतर स्वेटरवर जाकीट घालून निघतात आणि गावाची वेस ओलांडायच्या आत आतून ओलेचिंब होतात.

शरीरात काय घडतं ते आधी पाहू. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या अंगातून साधारण १०० वॉट उष्णता बाहेर पडत असते. तोच माणूस सायकल चालवू लागला की स्नायूंनी वापरलेल्या ऊर्जेपैकी जेमतेम २० ते २५ टक्के चाक फिरवण्याच्या कामी येते. उरलेली सगळी उष्णता होते. पेडलवर १०० वॉट पडत असतील, आणि सपाट रस्त्यावर निवांत चालवताना एवढे सहज पडतात, तर अंगात ३०० ते ४०० वॉट उष्णता तयार होत असते. ती लगेच जाणवत मात्र नाही. गार हवा लागताच कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि शरीर आपलं ऊबदार रक्त छाती-पोटाकडे राखून ठेवतं. स्नायू तापून ती ऊब कातडीपर्यंत पोहोचायला दहा-एक मिनिटं जातात. तोवर हुडहुडी भरते. त्यानंतर रक्तवाहिन्या मोकळ्या होतात, गाल तापतात, आणि कपडे जास्त झाले असतील तर घाम सुटतो.

दुसरीकडे वारा असतो. झाडाचं पानसुद्धा हलत नसलं तरी ताशी २५ किलोमीटरने जाणाऱ्या स्वाराला तेवढ्याच वेगाचा वारा समोरून लागतो. अंगालगत आपल्याच उबेने तापलेल्या हवेचा एक पातळ थर असतो, तो वारा सतत उडवून नेतो. वाऱ्यामुळे थंडी किती वाढते याचं गणित पहिल्यांदा मांडलं गेलं ते अंटार्क्टिकात. पॉल सिपल आणि चार्ल्स पॅसल या अमेरिकी संशोधकांनी पाण्याने भरलेलं प्लास्टिकचं नळकांडं वाऱ्यात ठेवून ते गोठायला किती वेळ लागतो ते मोजलं, आणि १९४५ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. २००१ मध्ये अमेरिका आणि कॅनडाने त्याऐवजी माणसाच्या चेहऱ्यावर बेतलेलं नवं सूत्र स्वीकारलं. त्या सूत्राप्रमाणे पारा १० अंशांवर असताना ताशी २५ किलोमीटरच्या वाऱ्यात उघड्या चेहऱ्याला ती हवा ७ अंशांसारखी लागते. ८ अंशांच्या पहाटे ४० च्या वेगाने घाट उतरलात तर ३ अंशांसारखी. प्रत्यक्षात ती याहूनही जास्त बोचते. सूत्रातला वारा जमिनीपासून १० मीटर उंचीवर मोजलेला धरला आहे, आणि खाली चेहऱ्यापर्यंत येईस्तोवर तो बराच मंदावतो. सायकलस्वाराच्या तोंडावर मात्र तो पुऱ्या वेगाने येतो.

आणि तिसरा घाम. पाणी हवेपेक्षा साधारण पंचवीसपट जास्त उष्णता वाहून नेतं. त्यातच घाम वाळताना तोही अंगातलीच उष्णता घेऊन जातो. चढ चढताना भिजलेला बनियन माथ्यावर पोहोचेपर्यंत त्रास देत नाही, कारण अंगातली भट्टी पेटलेली असते. उतार लागला की पाय थांबतात, भट्टी विझते, वारा दुप्पट होतो आणि ओला कपडा तसाच पाठीला चिकटून राहतो. वाईहून पसरणी घाटाने पाचगणीला चढणारे आणि लगेच परत उतरणारे हे दर हिवाळ्यात अनुभवतात. थंडीने आजारी पडलो असं आपण म्हणतो तेव्हा पुष्कळदा हुडहुडी भरवणारा खरा गुन्हेगार हा ओला बनियन असतो.

म्हणून अंगालगतच्या कपड्याबद्दल मी आग्रही आहे. महागडं जाकीट नसलं तरी चालेल, पण सुती बनियन नको. सूत पाणी पितं आणि धरून ठेवतं. उन्हाळ्यात याच गुणासाठी आपण ते घालतो, हिवाळ्यात तोच गुण अंगाशी येतो. खेळाच्या दुकानात मिळणारा पॉलिएस्टरचा अंगाला घट्ट बसणारा टी-शर्ट पाणी जवळजवळ पीतच नाही, घाम बाहेरच्या बाजूला ढकलतो आणि लवकर वाळतो. दोन-तीनशे रुपयांचा असला तरी काम करतो. त्याहून चांगली मेरिनो लोकर. लोकरीचा तंतू आपल्या वजनाच्या तीस टक्क्यांच्या आसपास ओल पोटात घेऊनही ओला लागत नाही, आणि त्याच्या नैसर्गिक कुरळेपणामुळे धाग्यांमध्ये हवा अडकून राहते, ऊब टिकते. हे आपल्या धनगरांना कोणी शिकवावं लागलं नाही. भर पावसात मेंढरांमागे फिरताना ते घोंगडी पांघरतात ती याच गुणासाठी. दख्खनी मेंढीची लोकर मात्र जाड तंतूची, म्हणून ती कातडीला टोचते. मेरिनोचा तंतू बराच बारीक असतो, म्हणून ती थेट अंगावर घालता येते. किंमत जास्त आहे, हे खरं. पण असा एक बनियन घेतला तर तो नीट वापरून कित्येक हिवाळे जातो, आणि दोन-तीनदा वापरला तरी त्याला वास येत नाही.

वरचा थर वारा अडवणारा हवा. इथे बरेच जण पावसाळ्यातला रेनकोट काढतात. रेनकोट वारा अडवतो, पण आतली वाफही अडवतो, आणि अर्ध्या तासात आपण आपल्याच घामात न्हाऊन निघतो. सायकलचं विंडचीटर पाहिलंत तर त्याचा समोरचा भाग दाट विणीचा आणि पाठीचा भाग पातळ, कधी चक्क जाळीचा असतो. वारा समोरून येतो आणि घामाला पाठीकडून वाट मिळते, एवढ्या साध्या विचाराने ते शिवलेलं असतं. विंडचीटर नसेल तर जुना उपाय आहे: जर्सीच्या आत, छातीवर, दुमडलेलं वर्तमानपत्र. टूर द फ्रान्समधले स्वार कित्येक दशकं डोंगरमाथ्यावर उभ्या असलेल्या प्रेक्षकांच्या हातून वर्तमानपत्रं घेत आणि उतार सुरू होण्याआधी ती छातीशी सरकवत. कागदाच्या चार-सहा घड्यांमध्ये हवा अडकते, वारा आत शिरत नाही, थोडा घामही कागद टिपून घेतो, आणि खाली पोहोचल्यावर तो काढून टाकता येतो. करून पाहावा असा हा उपाय आहे. घडी गळ्याच्या खाली दोन बोटांपासून पोटापर्यंत यावी आणि बनियन व जर्सी यांच्या मध्ये बसवावी. थेट अंगावर ठेवली तर ओली होऊन फाटते.

परदेशी पुस्तकांतले सल्ले आपल्याकडे जसेच्या तसे का लागू पडत नाहीत, याचं कारण आपल्या हिवाळ्यात आहे. निफाडजवळच्या कुंदेवाडी गहू संशोधन केंद्रातला पारा दर हिवाळ्यात बातम्यांत झळकतो, कधी ५ अंशांच्याही खाली जातो. पुणे, नाशिक, नागपूर इथेही एक आकडी तापमान नवीन नाही. पण युरोपातली थंडी दिवसभर थंडीच राहते. आपल्याकडे पहाटे १० अंश असतील तर दुपारी २८-३० अंश होतात. पहाटे सहाला निघून दोनशे किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची सायकलफेरी, करणाऱ्याला साडेतेरा तासांची मुदत असते. त्याला एकाच दिवसात हिवाळा आणि जवळजवळ उन्हाळा दोन्ही पार करायचे असतात. अंगावरचा प्रत्येक गरम कपडा काढून खिशात मावला पाहिजे, ही आपली खरी गरज आहे. म्हणून जाड, अस्तर लावलेल्या पूर्ण बाह्यांच्या जर्सीपेक्षा साधी अर्ध्या बाह्यांची जर्सी आणि वरून आर्म वॉर्मर, म्हणजे मनगटापासून दंडापर्यंत चढवायच्या सुट्या बाह्या, आपल्याला जास्त सोयीच्या. आठ वाजता ऊन अंगावर आलं की आधी त्या मनगटापर्यंत खाली सरकवायच्या, अर्ध्या तासाने काढून पाठीच्या खिशात टाकायच्या. विंडचीटरही असंच हवं की मुठीएवढी घडी व्हावी. जर्सीची पुढची चेन हीसुद्धा तापमान राखण्याची सोय आहे. चढाला ती अर्धी उघडायची आणि उताराआधी वर ओढायची. घाम फुटल्यावर उघडून उपयोग नाही, फुटण्याआधी उघडायची.

गुडघ्यांकडे आपल्याकडे फार दुर्लक्ष होतं. गुडघ्यावर ना चरबी ना जाड स्नायू, नुसते अस्थिबंध आणि कातडी. दर मिनिटाला ऐंशी-नव्वद वेळा तो दुमडतो आणि सरळ होतो, तोही थेट वाऱ्यात. पारा १५ अंशांच्या खाली असेल तर गुडघे झाकावेत असं जुने सायकलपटू सांगतात आणि मला ते पटतं. पूर्ण लांबीची टाइट्स किंवा सुटे नी वॉर्मर, काहीही चालेल.

हातापायांची बोटं हा तर थंडीतल्या सायकलिंगचा सगळ्यांत कठीण भाग. शरीर ऊब आत खेचतं तेव्हा रक्त आधी बोटांतून कमी होतं, आणि हँडलवरची बोटं हालचालही करत नाहीत. १९८० साली बेल्जियममधल्या लीज-बास्तोन्य-लीज शर्यतीत सुरुवातीपासूनच बर्फ पडत होता. १७४ जणांनी सुरुवात केली, २१ जणांनीच ती पूर्ण केली. जिंकला फ्रान्सचा बर्नार इनो, तोही ९ मिनिटं २४ सेकंदांच्या फरकाने. पण त्या दिवशी त्याच्या दोन बोटांना थंडीने झालेली इजा कायमची राहिली. आपल्याकडची थंडी इतकी क्रूर नाही, तरीही बधिर बोटांनी ब्रेक वेळेवर दाबला जात नाही आणि घाटात ते पुरेसं धोक्याचं आहे. हातमोजे पूर्ण बोटांचे आणि वारा अडवणारे असावेत. विणलेल्या लोकरी मोज्यांतून वारा सरळ आत शिरतो. तेच असतील तर त्यांवर पातळ प्लास्टिकचे मोजे चढवावेत. आणि मोजे घालायचे ते घरात, हात गरम असताना. बाहेर पडून, कुलूप लावून, हात गार झाल्यावर मोजे घातले तर ते गारठाच आत कोंडून ठेवतात, कारण मोजा स्वतः ऊब निर्माण करत नाही, असलेली राखतो.

पायांच्या बाबतीत एक चूक सर्रास होते. पाय गार पडतात म्हणून मोज्यांचे दोन जोड घातले जातात. बूट तेवढाच असल्यामुळे पाय आत आवळला जातो, रक्त आणखी कमी पोहोचतं आणि बोटं जास्तच गार पडतात. एकच पातळ लोकरी जोड घालावा आणि बोटं बुटात हलवता येतील एवढी जागा ठेवावी. खेळाच्या बुटांचा पुढचा भाग जाळीचा असतो आणि वारा तिथूनच आत येतो. त्या जाळीवर आतून चिकटपट्टी लावली किंवा मोज्यावर बोटांपुरती प्लास्टिकची पिशवी चढवली की फरक लगेच कळतो. पेडलला अडकणाऱ्या क्लीटचे बूट वापरणाऱ्यांच्या तळव्याखाली धातू असतो आणि तोही ऊब ओढतो, त्यांनी आत फेल्टचा पातळ तळ घालावा.

डोक्याबद्दल एक समज खोलवर रुजलेला आहे की अंगातली अर्धी उष्णता डोक्यातून निघून जाते. ज्या प्रयोगांतून हा समज पसरला त्यात माणसांचं बाकीचं अंग गरम कपड्यांनी झाकलेलं होतं आणि डोकं तेवढं उघडं होतं, म्हणून ती बहुतेक डोक्यातूनच जाताना दिसली. प्रत्यक्षात डोक्याचा वाटा त्याच्या आकारमानाइतकाच, दहा टक्क्यांच्या आसपास आहे. कान आणि कपाळ मात्र फार लवकर ठणकतात. जाड माकडटोपीवर हेल्मेट नीट बसत नाही, आणि सैल हेल्मेट डोक्याचं रक्षण करू शकत नाही. म्हणून पातळ बफ, म्हणजे गळ्यात घालायची कापडी नळी, कानांवर ओढून त्यावर हेल्मेट घालावं. तोच बफ नाकावर घेतला तर श्वासाबरोबर जाणारी हवा थोडी ऊबदार आणि दमट होते. ज्यांना दमा आहे त्यांना याचा विशेष उपयोग होतो, कारण थंड कोरड्या हवेने श्वासनलिका आकसतात. दम्याचा किंवा हृदयविकाराचा त्रास असलेल्यांनी हिवाळ्यातली पहाट सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारलंच पाहिजे. थंडीत रक्तदाब वाढतो, आणि पहिल्याच मिनिटाला जोर लावणं अशा माणसाला महागात पडू शकतं.

आणि एक थंडी आहे जी चहाच्या टपरीवर गाठते. तासभर चालवून सगळे थांबतात, गप्पा रंगतात. पाय थांबल्याबरोबर शरीरातली उष्णता पुन्हा १०० वॉटवर येते, घामाने दमट झालेले कपडे मात्र वाळतच राहतात. म्हणून टपरीवर उतरल्या उतरल्या विंडचीटर चढवायचं, चहा मागवायच्या आधी. घरी पोहोचल्यावरही आधी कपडे बदलायचे, मग फोन बघायचा. तहान थंडीत कमी लागते, पण घाम आणि श्वासातून पाणी जातच असतं, तेव्हा बाटली भरून न्यावी आणि आठवणीने प्यावी. कोमट पाणी असलं तर उत्तम.

हे सगळं कपाटात असलं तरी पहाटे पाचला पांघरूण बाजूला करायचं कसं हा प्रश्न उरतोच. त्यावर इनोची लीज-बास्तोन्य-लीज शर्यतीतली युक्ती मला फार मोलाची वाटते. तोही त्या बर्फात शर्यत सोडायच्या बेतात होता. त्याने ठरवलं की खाण्यापिण्याच्या ठिकाणापर्यंत जायचं, तिथेही बर्फ पडत असेल तर सोडून द्यायचं. तिथे पोहोचेपर्यंत बर्फ ओसरला होता. मग त्याचे संघव्यवस्थापक सिरिल गिमार यांनी त्याला वरचा रेनकोट काढायला सांगितलं, खरी शर्यत आता सुरू होते म्हणून. पुढचे ८० किलोमीटर तो एकटा पुढे राहिला. २४४ किलोमीटरच्या त्या शर्यतीचा विचार तो सकाळीच करत बसला असता तर कदाचित तोही सोडून जाणाऱ्यांतलाच एक ठरला असता. त्याने फक्त पुढच्या टप्प्याचा विचार केला.

कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेलं संशोधन याला बळ देतं. मॅथ्यू रूबी, एलिझाबेथ डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना व्यायामाआधी विचारलं की तुम्हाला हा व्यायाम किती आवडेल, आणि नंतर पुन्हा विचारलं की प्रत्यक्षात किती आवडला. लोकांचा अंदाज प्रत्यक्षापेक्षा सातत्याने कमी निघाला. कारण शोधल्यावर दिसलं की अंदाज बांधताना माणूस सगळं वजन सुरुवातीच्या भागाला देतो, आणि व्यायामाची सुरुवात तर बहुधा नकोशीच असते. पूर्ण व्यायाम डोळ्यांसमोर आणायला सांगितल्यावर त्यांचा अंदाजही सुधारला आणि व्यायाम करायची इच्छाही वाढली. पांघरुणात पडून आपण जो निर्णय घेतो तो अशाच पहिल्या दहा मिनिटांच्या भीतीवर घेतलेला असतो, पुढचे दोन तास त्यात धरलेलेच नसतात. तेव्हा स्वतःशी बोलणी दहा मिनिटांचीच करावीत. दहा मिनिटं चालवून पाहू, तरीही नको वाटलं तर परत फिरू. ही सूट खरी द्यायची, मनाला फसवायचं नाही. एखाद्या दिवशी अंगात कसर असेल तर खरंच परत यावं. पण दहा मिनिटांत अंग तापलेलं असतं, आणि तापलेल्या अंगाला परत फिरावंसं सहसा वाटत नाही.

दुसरं, पहाटे काहीच ठरवावं लागू नये. पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञाने १९९० च्या दशकात दाखवून दिलं की 'मी व्यायाम करीन' अशा मोघम संकल्पापेक्षा 'अमुक झालं की मी तमुक करीन' असा नेमका बेत खूप जास्त वेळा पार पडतो. 'उद्या लवकर उठणार' याचा उपयोग होत नाही. 'गजर वाजला की दिवा लावून खुर्चीवरचा बनियन घालणार' याचा होतो. म्हणून रात्रीच खुर्चीवर कपडे घालायच्या क्रमाने रचावेत: सगळ्यांत वर बनियन, मग चड्डी आणि नी वॉर्मर, मग जर्सी, खाली हातमोजे आणि बफ. टायरमध्ये हवा रात्रीच भरावी. पुढचा-मागचा दिवा चार्ज करून सायकलला लावून ठेवावा. पहाटेच्या अंधारात हवेचा पंप किंवा दुसरा मोजा शोधताना उमेद जेवढी गळते तेवढी थंडीनेही गळत नाही. आणि शक्य असेल तर कोपऱ्यावर कोणीतरी वाट बघत असू द्यावं. स्वतःला दिलेला शब्द आपण सहज मोडतो, मित्र थंडीत उभा आहे म्हटल्यावर मोडवत नाही.

या लेखात मी छंद म्हणून सायकल चालवणाऱ्यांबद्दल बोललो. पण आपल्याकडे हिवाळ्यातल्या पहाटे सायकलवर असणारे बहुतेक लोक कामावर किंवा शाळेत निघालेले असतात. पेपर टाकणारी मुलं, दूधवाले, पहिल्या पाळीचे कामगार. राज्य सरकारच्या मानव विकास कार्यक्रमात सायकली मिळालेल्या आठवी ते बारावीच्या मुली गावातून शाळेच्या गावापर्यंत काही किलोमीटर चालवत जातात. त्यांच्या अंगावर स्वेटर असतो, हात मात्र बहुधा उघडे. वर सांगितलेल्यापैकी दोनच गोष्टी परवडणार असतील तर त्या हातमोजे आणि कान झाकणारी पट्टी असाव्यात, असं मी ठामपणे म्हणेन. सायकलबरोबर या दोन गोष्टी शाळांनी किंवा गावातल्या मंडळांनी दिल्या तर खर्च नगण्य आणि उपयोग रोजचा.

फिनलंडमधल्या ऊलू शहराचं उदाहरण याच दृष्टीने पाहण्यासारखं आहे. आर्क्टिक वर्तुळापासून पावणेदोनशे किलोमीटरच दक्षिणेला, दोन लाखांवर वस्ती, डिसेंबरच्या शेवटी जेमतेम साडेतीन तासांचा दिवस, जानेवारीत सरासरी तापमान शून्याच्या बरंच खाली. तरीही तिथे शाळकरी मुलांपासून म्हाताऱ्यांपर्यंत लोक हिवाळाभर सायकल चालवतात, आणि हिवाळी सायकलिंगवरची पहिली जागतिक परिषद २०१३ मध्ये याच शहरात भरली. तिथल्या लोकांकडे काही विशेष धैर्य आहे असं नाही. मोटारींच्या रस्त्यांपासून वेगळे असे शेकडो किलोमीटरांचे सायकलमार्ग आहेत, त्यांवरचा बर्फ वेळच्या वेळी साफ होतो, घसरू नये म्हणून दाबलेल्या बर्फावर खडी पसरली जाते आणि अंधारात दिवे असतात. आणखी एक गोष्ट: ते सावकाश चालवतात. साध्या कोटात, साध्या बुटांत. वेग कमी म्हणून वाराही कमी आणि घामही कमी, त्यामुळे वेगळे कपडे लागत नाहीत. ऑफिसला सायकलने जाणाऱ्यांनी हे उचलावं. दहा मिनिटं आधी निघावं, गती थोडी कमी ठेवावी, म्हणजे पोहोचल्यावर कपडे बदलायची वेळ येत नाही.

राहिला वेळेचा प्रश्न. अंधारात उठण्याचा अट्टहास सगळ्यांनी करायलाच हवा असं नाही. निरभ्र रात्री जमिनीतली ऊब आकाशाकडे निघून जाते, गार हवा जड म्हणून ओढ्या-नदीच्या खोलगट भागात साचते, आणि पारा सगळ्यांत खाली असतो तो मध्यरात्री नाही तर सूर्योदयाच्या सुमाराला. पुलावरून जाताना एकदम गारठा लागतो तो याच साचलेल्या हवेचा. शहरात शेकोट्यांचा आणि गाड्यांचा धूरही याच थरात कोंडलेला असतो. पुण्यात जानेवारीत सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो. साडेसातला निघालात तर रस्ता दिसतो, हवा तासाभरात भराभर तापू लागते आणि एक पातळ बनियन, जर्सी व सुट्या बाह्या एवढ्यावर भागतं. सुटीच्या दिवशी, ज्यांना कामावर जायची घाई नाही आणि ज्यांची थंडीत पहिलीच वेळ आहे त्यांनी सुरुवात याच वेळेपासून करावी. हात आणि कान झाकायला सरावले की पंधरा-पंधरा मिनिटं आधी निघायला हरकत नाही.